जमिनीचा उलटा संकेत : विद्युतचुंबकीय सर्वेक्षणातील प्रवर्तित ध्रुवीकरण
संदर्भ लेख

भनपुरी (रायपूर) : विंधनविहीर घेण्यापूर्वी किंवा खनिजासाठी छिद्रण करण्यापूर्वी भूगर्भाचा विद्युत नकाशा तयार करण्याची पद्धत देशात आता रुळली आहे. हे नकाशे मुख्यतः एका गुणधर्मावर आधारलेले असतात. जमीन विद्युतप्रवाहाला किती विरोध करते, म्हणजेच तिची विशिष्ट रोधकता किती, हा तो गुणधर्म होय. परंतु काही जमिनी विद्युतप्रभार अल्पकाळ साठवून ठेवतात आणि प्रवाह थांबल्यावर तो उलट दिशेने सोडतात. या परिणामाला ‘प्रवर्तित ध्रुवीकरण’ म्हणतात. ‘इंड्यूस्ड पोलरायझेशन’ या मूळ संज्ञेवरून भूभौतिकी क्षेत्रात तो ‘आयपी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो.

विद्युतचुंबकीय सर्वेक्षणात हा परिणाम दुर्लक्षिला गेल्यास थरांची खोली आणि जाडी चुकीची निघू शकते. योग्य रीतीने ओळखला गेल्यास मात्र, कमी रोधकता पाण्यामुळे आहे की चिकणमातीमुळे, या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास त्याची मदत होते. नकाशावर विसंबून विहिरीची जागा ठरवणाऱ्या प्रत्येकासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

भनपुरीच्या भूमीचा संदर्भ

भनपुरी ही रायपूर शहराच्या उत्तर भागातील, बिलासपूर मार्गालगतची औद्योगिक वस्ती आहे. उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे याच पट्ट्यात येतात. या परिसराखाली छत्तीसगड खोऱ्यातील प्राचीन गाळाचे खडक, प्रामुख्याने चुनखडक आणि शेल, पसरलेले आहेत. भूशास्त्रात त्यांना ‘रायपूर गट’ असे नाव आहे. बलौदा बाजार आणि दुर्ग परिसरातील सिमेंट उद्योग याच खोऱ्यातील चुनखडकावर उभा आहे.

चुनखडकात भूजल सर्वत्र सारखे आढळत नाही. भेगांमध्ये आणि खडक विरघळून तयार झालेल्या पोकळ्यांमध्ये ते साठते. घट्ट, कोरडा चुनखडक विद्युतप्रवाहाला मोठा विरोध करतो. त्याची रोधकता शेकडो ते हजारो ओहम-मीटर असू शकते. पाणी भरलेली पोकळी नकाशावर कमी रोधकतेचा भाग म्हणून दिसते. तथापि चिकणमातीने भरलेली पोकळी आणि शेलचा थर हेही कमी रोधकताच दाखवतात. केवळ रोधकतेच्या आधारे जागा निवडली तर यंत्र पाण्याऐवजी चिखलात उतरण्याची शक्यता राहते.

पृष्ठभागावरील मातीतही विविधता आहे. छत्तीसगडी शेतकरी आपल्या जमिनीचे ‘कन्हार’, ‘डोरसा’, ‘मटासी’ आणि ‘भाटा’ असे प्रकार मानतात. कन्हार ही काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी माती. भाटा ही जांभ्या खडकाची, मुरमाड, लालसर जमीन. डोरसा आणि मटासी या दोन टोकांच्या मधल्या. विद्युतचुंबकीय उपकरणाला या मातींकडून मिळणारा प्रतिसादही एकसारखा नसतो. त्यात औद्योगिक वसाहतीतील उच्चदाब वाहिन्या, लोखंडी नळ, रेल्वेमार्ग आणि धातुमळीचे भराव यांची भर पडते. पाण्याची गरज मोठी आणि भूगर्भाचे वाचन अवघड, अशी स्थिती असल्याने प्रवर्तित ध्रुवीकरण समजून घेण्यास भनपुरीची भूमी उपयुक्त उदाहरण ठरते.

जमीन प्रभार कसा साठवते?

ध्रुवीकरण मुख्यतः दोन प्रकारे घडते.

पहिला प्रकार धातुखनिजांच्या कणांशी संबंधित आहे. खडकांच्या छिद्रांतील पाण्यात विद्युतप्रवाह आयनांमार्फत वाहतो, तर पायराइट किंवा चाल्कोपायराइटसारख्या खनिजकणांत तो इलेक्ट्रॉनांमार्फत वाहतो. या दोन माध्यमांच्या सीमेवर प्रवाहाला अडथळा होतो आणि कणाच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध प्रभार जमा होतात. त्यामुळे प्रत्येक कण जणू सूक्ष्म विद्युतघट बनतो.

दुसरा प्रकार चिकणमातीत घडतो. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे पाण्यातील धन आयन त्याभोवती गोळा होतात. अरुंद छिद्रांतून धन आयन सहज पुढे जातात, ऋण आयन मात्र अडतात. परिणामी छिद्राच्या तोंडाशी आयनांची दाटी होते. बाहेरचा प्रवाह थांबताच हे आयन मूळ स्थितीकडे परततात आणि त्यांच्या परतीचा क्षीण प्रवाह मोजता येतो. याला पटल ध्रुवीकरण म्हणतात.

दोन्ही प्रकारांत जमीन काही अंशी विद्युत धारित्रासारखी वागते. जमिनीच्या या क्षमतेला प्रभारणक्षमता म्हणतात. ती सामान्यतः दर व्होल्टमागे मिलिव्होल्ट या एककात नोंदवली जाते.

शंभर वर्षांचा प्रवास

फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञ कॉनराड श्लुम्बर्जर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जमिनीत विद्युतप्रवाह सोडून खनिजशोधाचे प्रयोग केले. प्रवाह बंद केल्यावरही काही ठिकाणी विद्युतदाब लगेच शून्यावर येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या निरीक्षणाचा उल्लेख आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील न्यूमॉन्ट या खाणकंपनीच्या संशोधनातून ही पद्धत तांबेशोधासाठी प्रत्यक्ष वापरात आली. खडकात विखुरलेले तांब्याचे सूक्ष्म कण सलग वाहक थर तयार करत नाहीत, त्यामुळे साध्या रोधकता मापनात ते निसटतात. ध्रुवीकरणात मात्र ते स्पष्ट दिसतात. १९५७ मध्ये व्हिक्टर व्हॅकिए आणि सहकाऱ्यांनी हेच तत्त्व भूजलशोधासाठी वापरण्याची शक्यता मांडली. १९५९ मध्ये हॅरी सीगल यांनी प्रभारणक्षमतेची गणिती मांडणी केली. १९७८ मध्ये विल्यम पेल्टन आणि सहकाऱ्यांनी खडकांच्या ध्रुवीकरणाचे वर्णन करण्यासाठी ‘कोल-कोल’ प्रतिमान वापरले. हे प्रतिमान मुळात केनेथ आणि रॉबर्ट कोल या बंधूंनी १९४१ मध्ये विद्युतरोधक पदार्थांसाठी मांडले होते.

या प्रतिमानात जमिनीचे वर्णन चार राशींनी होते : रोधकता, प्रभारणक्षमता, साठलेला प्रभार सुटण्यास लागणारा कालावधी आणि तो सुटण्याच्या वेगांतील विविधता दाखवणारा घातांक. पेल्टन यांच्या अभ्यासाचा एक निष्कर्ष आजही मार्गदर्शक मानला जातो. खनिजकण जितके मोठे, तितका प्रभार सुटण्याचा कालावधी जास्त.

जमिनीला स्पर्श न करता मापन

पारंपरिक आयपी सर्वेक्षणात धातूच्या कांबी जमिनीत ठोकून प्रवाह सोडतात आणि मोरचुदाच्या द्रावणाने भरलेल्या सच्छिद्र भांड्यांच्या साहाय्याने विद्युतदाब मोजतात. प्रवाह काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, असे चक्र चालते. ही पद्धत विश्वासार्ह असली तरी संथ आहे.

विद्युतचुंबकीय पद्धतीत जमिनीशी संपर्काची गरज नसते. तारेच्या मोठ्या वेटोळ्यातून प्रवाह सोडला जातो आणि तो अचानक तोडला जातो. चुंबकीय क्षेत्र एकाएकी बदलल्याने, फॅरेडे यांच्या प्रवर्तनाच्या नियमानुसार, जमिनीत भोवरी प्रवाह निर्माण होतात. हे प्रवाह धुराच्या वलयाप्रमाणे खाली आणि बाहेर पसरत क्षीण होतात. त्यांच्या क्षीण होण्याचा वेग ग्राहक वेटोळे मोजते. वाहक जमिनीत ते दीर्घकाळ टिकतात, रोधक जमिनीत झपाट्याने विरतात. सुरुवातीच्या नोंदी उथळ थरांची आणि नंतरच्या नोंदी खोल थरांची माहिती देतात. वेटोळे हेलिकॉप्टरखाली टांगले की मोठा प्रदेश अल्पावधीत पाहता येतो आणि अनुकूल परिस्थितीत काहीशे मीटर खोलीपर्यंतचे चित्र मिळते.

जमीन ध्रुवीकरणक्षम असेल तर याच मापनात वेगळी घटना घडते. भोवरी प्रवाह वाहत असताना जमीन प्रभारित होते. ते प्रवाह विरल्यानंतर साठलेला प्रभार उलट दिशेने वाहू लागतो. त्याचा संकेत मूळ संकेतातून वजा होतो. म्हणून मोजलेला आलेख अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो आणि काही ठिकाणी शून्य ओलांडून ऋण होतो.

ऋण संकेताचे कोडे

हा ऋण संकेत दीर्घकाळ उपकरणातील दोष समजला जात असे. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रायन स्पाइस यांनी प्रत्यक्ष क्षेत्रमापनातील चिन्हबदलाची नोंद प्रसिद्ध केली. १९८२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पीटर वायडेल्ट यांनी सिद्ध केले की, प्रेषक आणि ग्राहक वेटोळे एकाच जागी असतील आणि जमीन ध्रुवीकरणक्षम नसेल, तर संकेताचे चिन्ह कधीच बदलू शकत नाही. मग अशा रचनेत चिन्ह बदललेच, तर जमिनीच्या ध्रुवीकरणाचा विचार करणे भाग पडते. या सिद्धांताने ऋण नोंदींना पुराव्याचे स्थान मिळाले.

कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील ‘ट्ली क्वी चो’ येथील हिरेधारक किंबरलाइट नलिका हे याचे बहुचर्चित उदाहरण आहे. तेथील हवाई सर्वेक्षणांत नलिकांवर ऋण संकेत नोंदले गेले. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या संशोधकांनी या जुन्या नोंदींचे पुनर्वाचन केले आणि त्यांतून नलिकांमधील वेगवेगळ्या प्रकारच्या खडकांचे वेगळेपण दाखवले.

छत्तीसगडसाठी हे उदाहरण दूरचे नाही. पूर्वी रायपूर जिल्ह्यात असलेल्या आणि २०१२ पासून गरियाबंद जिल्ह्यात समाविष्ट झालेल्या मैनपूर भागात बेहराडीह आणि पायलीखंड येथे किंबरलाइट वर्गातील नलिका आहेत. बस्तरमधील तोकापाल येथील किंबरलाइट ज्वालामुखीच्या मुखाजवळच्या निक्षेपांसाठी ओळखला जातो. अशा खडकांचे विदारण होऊन चिकण खनिजे तयार होतात आणि ती ध्रुवीकरण दाखवू शकतात.

एकाचा गोंगाट, दुसऱ्याचा संकेत

या विषयातील एक विरोधाभास लक्षणीय आहे. पारंपरिक आयपी सर्वेक्षणात तारांमधील विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा उपद्रव मानून तो वगळण्यासाठी प्रयत्न होतात. विद्युतचुंबकीय सर्वेक्षणात मात्र ध्रुवीकरण हाच उपद्रव ठरतो. प्रत्यक्षात दोन्ही परिणाम एकाच जमिनीत एकाच वेळी घडत असतात, आणि कोणता ठळक दिसेल हे कालावधीवर अवलंबून असते. हवाई उपकरणे साधारणपणे काही मायक्रोसेकंदांपासून सुमारे दहा मिलिसेकंदांपर्यंत मापन करतात. पारंपरिक आयपीमध्ये मापन सेकंदाच्या अंशापासून काही सेकंदांपर्यंत चालते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. हवाई सर्वेक्षणात प्रामुख्याने झटपट सुटणारे ध्रुवीकरण दिसते, म्हणजे सूक्ष्म कणांचे खनिज आणि विदारित चिकणमाती. जाड कणांचे सल्फाइड खनिज सावकाश प्रतिसाद देत असल्याने ते निसटू शकते. म्हणून हवाई नोंदींत ध्रुवीकरण दिसले नाही, एवढ्यावरून तेथे खनिज नाही असा निर्णय देता येत नाही.

रोधक खडकावर पातळ ध्रुवीकरणक्षम थर असेल तर मूळ संकेत लवकर विरतो आणि ऋण नोंद उघड दिसते. जमीन चांगली वाहक असेल तर मूळ संकेत इतका प्रबळ असतो की ऋण भाग त्यात झाकला जातो. तरीही आलेखाचा उतार बदलतोच. अशा ठिकाणी ऋण नोंद नसल्याने विश्लेषक निश्चिंत राहतो आणि चूक नकाशात शिरते.

ही चूक कशी घडते, हे समजणे अवघड नाही. आलेख लवकर खाली आला की संगणकीय प्रतिमान त्याचा अर्थ ‘खाली रोधक खडक आहे’ असा लावते. वाहक थर प्रत्यक्षापेक्षा पातळ दिसतो, त्याच्या तळाची खोली चुकते आणि कधी अस्तित्वात नसलेला रोधक थर नकाशावर उमटतो. ऋण नोंदी गाळून उरलेल्या धन नोंदींवरून प्रतिमान तयार केल्यानेही दोष जात नाही, कारण धन नोंदींतही ध्रुवीकरणाचा अंश मिसळलेला असतो. त्यामुळे अलीकडच्या काळात रोधकतेसोबत ध्रुवीकरणाच्या राशीही एकत्र काढणारी प्रतिमाने वापरली जाऊ लागली आहेत. तथापि अज्ञात राशी वाढल्याने एकाच आलेखाशी जुळणारी अनेक उत्तरे संभवतात. विंधन छिद्रांतील प्रत्यक्ष माहितीशी पडताळणी केल्याशिवाय त्यांतील योग्य उत्तर निवडता येत नाही.

प्रत्येक उलट नोंद ध्रुवीकरण नव्हे

भनपुरीसारख्या भागात तीन गोष्टींची विशेष दक्षता घ्यावी लागते.

पहिली, मानवनिर्मित वाहक. उच्चदाब वाहिन्या, तारेची कुंपणे, पुरलेले नळ आणि केबल यांत प्रेषकामुळे प्रवाह निर्माण होतात. केबलच्या आवरणामुळे घडणाऱ्या धारित्रीय युग्मनात संकेत हेलकावे खातो आणि ऋणही होतो. अशी नोंद वरवर ध्रुवीकरणासारखी भासते. त्यामुळे वाहिन्या आणि नळांपासून साधारण १०० ते १५० मीटरच्या आतील नोंदी सहसा वगळल्या जातात. दाट औद्योगिक वसाहतीत हा निकष लावला की वापरण्याजोगी जागा फारच थोडी उरते.

दुसरी, जांभ्या जमिनीचा चुंबकीय परिणाम. भाटा प्रकारच्या जमिनीत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असू शकतात. प्रेषकाचे क्षेत्र नाहीसे झाल्यावर हे कण आपले चुंबकत्व हळूहळू सोडतात आणि दीर्घकाळ टिकणारा धन संकेत देतात. याला अतिसमचुंबकत्व म्हणतात. हा संकेत खोल वाहक थराचा आभास निर्माण करतो, तसेच ध्रुवीकरणाचा ऋण संकेत झाकूही शकतो. ग्राहक वेटोळे प्रेषकाच्या तारेपासून काही मीटर दूर ठेवल्यास किंवा उपकरण जमिनीपासून उंच नेल्यास हा परिणाम कमी होतो.

तिसरी, धातुमळी आणि राखेचे भराव. लोखंडाचे कण असलेली मळी स्वतःच ध्रुवीकरण दाखवते. नैसर्गिक थरांच्या अभ्यासात ती अडथळा ठरते, परंतु जुन्या, मातीखाली गेलेल्या भरावांची व्याप्ती शोधण्यासाठी तिचा हाच गुण उपयोगी पडतो. कचराभूमी आणि औद्योगिक टाकाऊ पदार्थांच्या सीमा निश्चित करण्यासाठी जमिनीवरील आयपी मापनाचा वापर अनेक देशांत होतो.

भारतातील सर्वेक्षणे

केंद्रीय भूजल मंडळाच्या जलधर नकाशीकरणाच्या पथदर्शी प्रकल्पात, हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाच्या सहकार्याने हेलिकॉप्टरवरून विद्युतचुंबकीय सर्वेक्षण केले. त्यासाठी निवडलेल्या सहा क्षेत्रांत नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोट क्षेत्राचा समावेश होता. बिहार, राजस्थान, कर्नाटक आणि तमिळनाडूतील क्षेत्रांसह गाळाची मैदाने, वाळवंट, कठीण खडक, किनारपट्टी आणि दख्खनचा बेसाल्ट अशी निरनिराळी भूरचना यातून तपासली गेली.

२०२१ मध्ये याच तंत्राने राजस्थान, गुजरात आणि हरियाणाच्या शुष्क भागांतील सुमारे एक लाख चौरस किलोमीटर क्षेत्राचे सर्वेक्षण हाती घेण्यात आले. जोधपूर येथून त्याचा आरंभ झाला. खनिजशोधाच्या क्षेत्रात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि नागपूर येथे मुख्यालय असलेली मिनरल एक्स्प्लोरेशन ही सार्वजनिक कंपनी भूभौतिकीय पद्धतींचा वापर करतात. सल्फाइड खनिजांच्या शोधात जमिनीवरील आयपी ही त्यांतील प्रस्थापित पद्धत आहे.

हवाई सर्वेक्षणांचा विस्तार वाढत असताना ध्रुवीकरणाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा होतो. एका विहिरीपुरते केलेले चुकीचे वाचन एका कुटुंबाचे नुकसान करते. हजारो चौरस किलोमीटरच्या नकाशातील चूक मात्र त्या नकाशावर आधारलेल्या प्रत्येक योजनेत उतरते.

पाणी की चिकणमाती?

भूजलशोधात आयपीचे मुख्य मोल याच प्रश्नात आहे. स्वच्छ वाळू किंवा पाण्याने भरलेली पोकळी फारसे ध्रुवीकरण दाखवत नाही. चिकणमाती मिसळलेला थर ते दाखवतो. त्यामुळे कमी रोधकता आणि क्षीण ध्रुवीकरण हा संयोग पाण्याच्या दृष्टीने अधिक आश्वासक मानला जातो.

मात्र हा नियम सरसकट लावता येत नाही. चिकणमातीचे प्रमाण आणि ध्रुवीकरण यांचे नाते सरळ रेषेतले नाही. थोड्या प्रमाणात विखुरलेली चिकणमाती ठळक ध्रुवीकरण दाखवते, तर जवळजवळ शुद्ध चिकणमातीचा जाड थर बऱ्याचदा क्षीण प्रतिसाद देतो. पाणी खारट असेल तरीही ध्रुवीकरण घटते. म्हणजे क्षीण ध्रुवीकरणाचा अर्थ गोडे पाणी, खारे पाणी किंवा घट्ट चिकणमाती यांपैकी काहीही असू शकतो. स्थानिक विहिरींच्या नोंदी, खडकांचे प्रकार आणि पाण्याची प्रत यांची जोड दिल्यावरच निर्णय पक्का होतो.

अहवालात काय पाहावे?

ग्रामपंचायत, पाणीपुरवठा विभाग, उद्योग किंवा शेतकरी यांच्या हाती विद्युतचुंबकीय सर्वेक्षणाचा अहवाल येतो तेव्हा काही मुद्दे तपासणे शक्य असते. ऋण नोंदी आढळल्या होत्या का आणि त्यांचे काय केले, याचा अहवालात उल्लेख असावा. वाहिन्या आणि नळांलगतच्या वगळलेल्या नोंदी नकाशावर दाखवलेल्या असाव्यात, अन्यथा रिकाम्या जागेवर संगणकाने भरलेला रंग प्रत्यक्ष मापन समजला जातो. जांभ्या जमिनीत चुंबकीय परिणाम तपासला आहे का, हे नमूद असावे. निवडक ठिकाणी जमिनीवरील आयपी मापनाने आणि किमान काही विंधन छिद्रांनी पडताळणी झालेली असावी. थरांची खोली एका नेमक्या आकड्यात न देता संभाव्य मर्यादांसह दिलेली असेल, तर तो अहवाल अधिक प्रामाणिक मानावा.

सर्वेक्षणाच्या मूळ नोंदी जपून ठेवणे हाही त्यातील आवश्यक भाग आहे. कॅनडातील उदाहरणात दोषास्पद वाटलेल्या नोंदी फेकून दिल्या गेल्या नाहीत, म्हणूनच पुढच्या संशोधकांना त्यांतून नवी माहिती काढता आली. भारतात होणाऱ्या सर्वेक्षणांतील ऋण नोंदीही नकाशाबरोबर जतन झाल्या, तर नव्या पद्धती हाती आल्यावर पुन्हा हेलिकॉप्टर न उडवता त्याच जमिनीचे वाचन सुधारता येईल.